अर्धा विणलेला पाळणा

नवरा गेला तेव्हा पाळणा अर्धाच झाला होता. बूड पक्कं, भिंती वीतभर चढलेल्या, वर उभे वेत मोकळेच.

त्याची बायको रोज त्यावर ओलं फडकं टाकायची. वेताचं असं असतं, ओला असला तर वाकतो, वाळला की काडकन मोडतो. पण ओला तरी किती दिवस ठेवणार? बुडाशी काळपट डाग दिसू लागले होते, कामाच्या खोलीत आंबूस वास येत होता. आज ना उद्या काय ते ठरवायलाच हवं होतं.

थोरल्या नणंदेनं आपल्यापुरतं ठरवूनही टाकलं होतं. "वाळू दे गं. भिंतीला टांगू. माझ्या भावाच्या हातचं शेवटचं आहे ते."

"वन्सं, त्यांनी तो टांगायला नव्हता घेतला. ज्या बाईनं पाळणा सांगितलाय, तिचे दिवस भरत आलेत."

"मग तिला दुसरा दे विणून. तुझे हात काय कुणी बांधलेत?"

"नव्याला वेळ कुठाय आता?"

खरी अडचण पुढेच होती. नवरा डावखुरा. त्याचा आडवा वेत उजवीकडून डावीकडे फिरायचा, तिचा डावीकडून उजवीकडे. एकाच बाकावर शेजारी बसून दोघांनी संसार ओढला, पण एका टोपलीला दोघांचे हात कधी लागले नाहीत. "एकानं विणायचं, दुसऱ्यानं उसवायचं, असं होईल," तो म्हणायचा. वर हसून, "ते आपण घरात करतोच की!"

फडकं काढून ती बसली. त्याच्याच दिशेनं जायचं, असं मनाशी धरून डाव्या हातानं वेत ओढू लागली. उजवा सारखा मध्ये घुसत होता.

"आई त्याचा डावा हात खुर्चीला बांधायची," नणंद मागून म्हणाली. "उजव्यानं जेव म्हणून. गाढव उपाशी बसायचा, पण उजवा लावायचा नाही."

काही फेर झाल्यावर बायकोनं भिंत अंगठ्यानं दाबून पाहिली. खालच्या, त्याच्या ओळी दगडासारख्या. वरच्या, तिच्या, हलल्या. मध्ये फट पडली. तान्हं पोर यात पाय झाडणार, उद्या काठ धरून उभं राहू बघणार.

तिनं आपले सगळे फेर उसवले, नवा वेत घेतला आणि आपल्या बाजूनं विणायला लागली. हात सुटले.

संध्याकाळपर्यंत काठही वळून झाला. जिथे वीण उलटी फिरली होती, तिथे पाळण्याभोवती एक ओळ उमटली होती.

"हे दिसणार," नणंद म्हणाली.

"दिसू दे. सुटणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या बाईचा नवरा पाळणा न्यायला आला. त्यानं दोन्ही तळव्यांनी भिंती दाबून बघितल्या आणि मान डोलावली. एक बाजू त्यानं उचलली. दुसरी नणंदेनं, कुणी न सांगता. दारापाशी ती थबकली. तिची बोटं त्या ओळीच्या खाली, भावाच्या विणीत रुतली होती.

"दार अरुंद आहे हो," तो माणूस म्हणाला. "मावशी, जरा तिरका करा."

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं बाजूला सरून वाट दिली.

मग नणंदेनं पाळणा तिरका केला.