शनिवारचं धुणं

चौऱ्याहत्तर सालच्या एका शनिवारी मावशीनं छावणीच्या बालवाडीतले तेवीस शर्ट एकदम भिजत घातले. मोठ्या माणसांचे शर्ट, कॉलरी काळ्या, बगला पिवळ्या. गुरुवारी ती कामावर लागली तेव्हापासून ते तिच्या डोळ्यांत खुपत होते. पोरं दुपारी चटईवर पडताना हे असले कळकट शर्ट उशाशी घेतात आणि कुणाला काही वाटत नाही! बाई रजेवर होत्या, विचारणार कुणाला? तिनं बाह्या सारल्या, पिवळ्या साबणाची अख्खी वडी संपवली आणि मैदानाच्या कडेनं शर्टांची लांबच लांब रांग वाळत घातली. वाऱ्यानं बाह्या फुगल्या. पलटण परत आल्यासारखी वाटत होती. फक्त आत कुणी नव्हतं.

पलटण वर्षभरासाठी सरहद्दीवर गेली होती. निघण्याआधी बाईंनी प्रत्येक मुलाच्या वडिलांकडून दोन दिवस अंगात घातलेला शर्ट मागून घेतला होता. धुवायचा नाही, एवढीच अट. मावशीला ती अट सोमवारी दुपारी कळली.

बालवाडीच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. त्यांतून उतरलेले कवडसे दुपारभर निजलेल्या पोरांच्या अंगावरून सावकाश चालत जायचे. पार भिंतीला टेकले की उठायची वेळ. त्या दिवशी कवडसे एकटेच चालले. एकेका पोरानं शर्ट नाकाशी धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा धरला. मग एकानं गळा काढला आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली.

संध्याकाळी आया न्यायला आल्या. एवढी हौस होती तर आमच्या घरचीही धुणी न्यायचीत, असं एकीनं ऐकवलं. नशीब म्हणायचं, पोरांना पिळून दोरीवर नाही टाकलं, असं दुसरी म्हणाली. बाईंनी कशीबशी समजूत घातली. दोन दिवसांत कुणी घरून मफलर आणला, कुणी उशीचा अभ्रा, आणि पोरं पुन्हा झोपायला लागली.

एक मुंगी सोडून. साडेतीन वर्षांची, रांगेत सगळ्यांच्या मागे खाली बघत चालायची, म्हणून ती मुंगी. तिच्या आईनं नुकतंच घर बदललं होतं आणि बदलताना सगळं लख्ख धुऊन काढलं होतं. नवऱ्याचा वास असलेला तो एकच शर्ट उरला होता. आई मावशीला एका शब्दानं बोलली नाही. तेच मावशीच्या फार जिव्हारी लागलं.

त्या सोमवारी संध्याकाळीच मावशीनं घरी जाऊन ट्रंक उघडली. तिचा नवरा याच पलटणीतला. सहा वर्षांपूर्वी गेला, तो आलाच नाही. खबर आली त्याच आठवड्यात तिनं त्याचे चारही शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवून दिले होते, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं एकेक शर्ट नाकाशी नेला. मग ट्रंक लावून ती बराच वेळ तिच्यावर बसून राहिली.

आठ दिवस मुंगी पत्र्याकडे टक लावून पडून राहायची. डोळ्यांखाली काळं आलं, खाणं सुटलं. नवव्या दिवशी मावशी तिच्या चटईवर येऊन आडवी झाली. एक कवडसा मुंगीच्या कपाळावर येऊन थांबला होता.

"बाबा गेला यातून," मुंगी शर्ट दाखवत म्हणाली.

मावशीला सुचलं ते धुण्यातलंच होतं.

"गेला नाही गं. धुतलाय त्याला. हा धुतलेला बाबा."

मुंगीनं पुष्कळ विचार केला. शर्ट नाकाशी नेला, बाजूला केला, पुन्हा नेला.

"असा लागतो धुतलेला?"

"अस्साच."

कवडसा तिच्या कपाळावरून गालावर उतरेपर्यंत मुंगी झोपली होती.

पुढच्या शनिवारी तिनंच शर्ट आणून मावशीच्या हातात दिला. "बाबाला धू." मग ते दर शनिवारचंच झालं. मावशीनं साबण बदलला नाही.

वर्षानं पलटण आली. मैदानात एकच गर्दी झाली. मुंगीच्या बाबानं तिला उचललं आणि ती लाकडासारखी ताठ झाली. त्याला डिझेलचा वास होता, विडीचा, लांबच्या धुळीचा. तिनं त्याच्या मानेशी नाक नेलं आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं.

"हा नाही."

त्यानं तिला हळूच खाली ठेवलं. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. मुंगीची आई दुसरीकडे पाहू लागली.

मावशी आत गेली आणि खुंटीवरचा त्याचाच शर्ट घेऊन आली.

"एवढा घाला," ती म्हणाली.

त्यानं तिथंच मैदानात शर्ट बदलला. अंगानं तो इतका उतरला होता की शर्टाचे खांदे खाली ओघळले. मुंगी एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक. कॉलरीपर्यंत नाक पोचावं म्हणून तो गुडघ्यांवर बसला.

दुसऱ्या खेपेला निघण्याआधी तो बालवाडीत आला आणि साबण कुठला ते विचारून गेला. त्या खेपेहून तो धडधाकट परतला, पुढे पेन्शनीत निघाला आणि म्हातारपणी त्यानं मधमाश्या पाळल्या. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, शर्ट धुऊ नयेत. ती अक्षरं पाच वेळा रंग दिला तरी खालून दिसत. मुंगी छावणीतल्याच दवाखान्यात डॉक्टर झाली.

मावशी गेल्याचं कळलं तेव्हा मुंगी तिच्या घरी आली. शेजारीण ट्रंक आवरत होती. चार जुने शर्ट, विटून पांढुरके झालेले, धुऊन घडी घातलेले.

"घालणारं कुणी नाही," शेजारीण म्हणाली, "तरी मावशी दर शनिवारी धुवायच्या. मी म्हणायचे, अहो, मळतात तरी कशानं?"

मुंगीनं वरचा शर्ट उचलला आणि डोळे मिटून नाकाशी धरला.