ओठ हलत होते

ईमेल आला तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते, म्हणून तो आधी जननीनं वाचला. माझी मुलगी. माझ्या फोनवर माझ्यापेक्षा तिचाच हात जास्त.

"अम्मा, तुझा शेवटचा पेपर रोखून ठेवलाय गे. कॉपी केली म्हणतात."

मला वाटलं, थट्टा करते. "सरि, सरि, असू दे," म्हणत मी प्रदक्षिणा पुरी केली. मग तिचं तोंड बघितलं, आणि तांब्या खाली ठेवला.

मी कुंभकोणमच्या एका खासगी शाळेत समाजशास्त्र शिकवते. म्हणजे शिकवत होते. आता तो विषय पडद्यावरचे व्हिडिओ शिकवतात. मी दिवे मालवते, धडा सुरू करते, आणि तो संपला की पुन्हा दिवे लावते. आमच्या मुख्याध्यापिका त्रिपुरसुंदरी मॅडमनी मला बोलावून सांगितलं होतं, "भागीरथी, मॅनेजमेंटला आता शिकवणारे नकोत. ही यंत्रं चालवून धडे आखणारं माणूस पाहिजे. शिक्षण तंत्रज्ञानाची एम.ए. कर, जूनपासून ती जागा तुझी. नाही तर मेमध्ये..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बाई मनानं चांगल्या आहेत.

म्हणून या वयात मी ऑनलाइन एम.ए.ला बसले. मेलकावेरी भागातल्या आमच्या घरात देवघराशेजारी मेज मांडलं. पूजा झाली की सोवळं सोडून तिथं बसायचं आणि व्याख्यानं ऐकायची. परीक्षाही घरूनच. समोर कॅमेरा, आणि त्यामागे माणसाऐवजी एक प्रोग्राम आपल्या डोळ्यांवर, मानेवर, तोंडावर पाळत ठेवून बसलेला. हा प्रोग्राम कसा चालतो यावरही एक धडा होता. तो मला चांगला जमला होता.

"पेपरभर तुझे ओठ हलत होते असं लिहिलंय," जननी म्हणाली. "कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी गे बोलू? घरात कोण होतं?"

असं म्हणाले खरी, पण म्हणता म्हणता काय झालं असेल ते कळलं.

लग्न होऊन आले त्या वर्षी मरुदानल्लूर गावच्या भजनाला येणाऱ्या, सगळे मामा म्हणत अशा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला उपदेश दिला होता. कानात नाम सांगितलं आणि दोन गोष्टी बजावल्या. हे नाम दुसऱ्या कानी जाता कामा नये. आणि ते मनात चालू ठेवायचं, तोंडानं नाही. "ओठ हलले तर नाम अजून कच्चं आहे असं समज," म्हणाले. तेव्हापासून वांगी चिरताना, बसमध्ये, फळ्यावर लिहिताना ते आत चालूच असतं. पेपर लिहिताना तर असणारच. घाबरले की जास्त.

मामा दोन वर्षांपूर्वी मार्गळी महिन्यात गेले. नाम उघड करायला मोकळीक देणारं आता कोणी नाही.

संध्याकाळी हे दुकानातून आले. कृष्णकुमार, पितळेचे दिवे विकतात, जन्मभर गिऱ्हाइकांशी बोलून जीभ सैल झालेली.

"एवढंच ना? सहस्रनाम म्हणत होते म्हणून सांग. हजार नावं. ते काय ओठ मोजत बसणार आहेत?"

"खोटं होईल ते."

"देवाचंच नाव ना? खोटं कसं होईल?"

"अप्पा, व्हिडिओ आहे त्यांच्याकडे," जननी म्हणाली. "म्हणून दाखवा म्हटलं तर?"

"मग तू सांग. तू शहाणी."

"अम्मा, खरं नावच सांगून टाक की. शुक्रवारच्या सुनावणीत तीनच माणसं ऐकतील. ती काय गावभर सांगणार आहेत?"

मी पानं वाढायला घेतली. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताक ओतून घेतलं. "राहू दे गे," जननीला म्हणाले. "हिला तू ओळखत नाहीस."

शुक्रवारी सुनावणी झाली, तीही ऑनलाइनच. पडद्यावर तिघं होते. बोलणारे विजयराघव सर. कपाळावर ठसठशीत वैष्णव टिळा, आवाज मऊ. तमिळमध्ये त्यांनी आधी माझी विचारपूस केली. मग म्हणाले, "तुमचा पेपर उत्तम आहे, अम्मा. तेच अवघड झालंय. ओठ का हलत होते, तेवढं सांगा."

"नामजप चालतो, सर. सवय आहे."

"कोणतं नाम?"

"उपदेशाचं आहे. सांगता येत नाही."

"मलाही उपदेश आहे," ते म्हणाले. "मला कळतं. पण अहवालात काय लिहू? सांगता येत नाही, असं लिहू? उद्या प्रत्येक जण तेच म्हणेल."

पडद्यावर त्यांच्या शेजारी असलेली तरुण बाई म्हणाली, "मॅडमनी एकदा व्हिडिओ बघावा. कदाचित काही आठवेल."

आणि त्यांनी तो लावला.

मी स्वतःला अशी कधी बघितली नव्हती. मान खाली, कपाळाला आठी, आणि ओठ. किंचित हलत असतील असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. अक्षर न् अक्षर सुटं होत होतं. ओठ मिटत, उघडत, पुन्हा मिटत होते. ज्याला नाम ठाऊक आहे त्याला ते सरळ वाचता आलं असतं. मी तर वाचलंच.

इतकी वर्षं मी समजत होते की ते आत आहे. भाजी घेताना, वर्गात, ह्यांच्या समोर, सगळ्यांसमोर ते असंच चाललं असणार. कोणी बोललं नाही. पहिल्यांदा बोलला तो कॅमेरा.

"बंद करा, सर," मी म्हणाले. "कृपा करून बंद करा."

"मग सांगता, अम्मा?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "परवाइल्लै, हरकत नाही," म्हणाले, पण ते तसं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

पेपर रद्द झाला. पुन्हा बसायचं तर पुढच्या वर्षी, आणि तेव्हाही कॅमेरा हाच. शाळेत ती जागा तंजावूरच्या एका मुलाला दिली. "मी सांगून बघितलं गं," त्रिपुरसुंदरी मॅडम म्हणाल्या. मेच्या शेवटच्या दिवशी सुट्टीतल्या वर्गाचा धडा संपल्यावर मी दिवे लावले आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

नेम मात्र सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाऊन देवासमोर बसले. फोन समईला टेकवून ठेवला, कॅमेरा माझ्याकडे करून. नाम सुरू केलं आणि पडद्यावरचे ओठ लगेच हलले. दातांनी ते घट्ट धरले. हळूहळू स्थिर झाले. मामांना हवे होते तसे, अगदी स्थिर. आणि आत कान देऊन बघते तर नामही थांबलेलं.

ओठ सोडले की ते येतं. धरले की जातं.

"अम्मा, कॉफी," स्वयंपाकघरातून जननी म्हणाली. दोनदा म्हणाली. मी माळ हातात धरून पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत बसले. तिचे ओठ हलत नव्हते.