करिष्माच्या पायावरची रिंग

मी एक जुनी रिंग आहे. बोटातली नव्हे हो! आखूड, मोडक्या पायांभोवती डॉक्टर बसवतात ती पोलादी कड्यांची. कारखान्यात मला कापून भोकं पाडली, तेव्हापासून स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. आणि नशीब बघा, कामच वाट पाहण्याचं!

मित्रांनो, माझा शेवटचा पाय मुळशीच्या करिष्माचा. लहानपणी हाडात पू झाला आणि तिचा डावा पाय आखूड राहिला. पुण्याच्या डॉक्टर मृण्मयींनी हाड कापलं आणि आरपार तारा घालून मला बसवलं. तिची आई तुकाबाई रोज माझे नट थोडे थोडे फिरवी. हाडाची टोकं दूर सरकत आणि मधल्या फटीत नवं हाड धरे. पाय हवा तेवढा लांब झाला, पण ते कोवळं हाड अजून कडक व्हायचं होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

वडील धुळा मेंढरांवाले. दिवाळी झाली, कळप घेऊन कोकणात उतरायची वेळ आली, आणि लेकीला मागं ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"मेंढराचा पाय कामट्यांनी बांधला, की त्यानं टेकल्यावर आमी सोडतो. ही तर दारातनं चालतीया. हाड धरलंय!"

"अवं, डाक्टरीणबाई थांबा म्हणल्यात," तुकाबाई म्हणाली.

"त्यांचं काय जातंय थांबा म्हणाया?"

अरे बाबा, ती पायावर नाही, माझ्यावर चालतेय! सगळा भार मी उचलतेय! मला तोंड असतं तर गावभर बोंब मारली असती. धुळांनी पाना घेतला आणि माझे नट सैल केले. करिष्मानं एक पाऊल टाकलं मात्र, "आयो गं!" करून ती खालीच बसली. तुकाबाईनं पाना हिसकावून नट पुन्हा आवळले.

सकाळीच त्यांनी पुणं गाठलं. समोरून आणि बाजूनं एक्स-रे निघाले.

"हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या तीन तरी सलग पांढऱ्या झाल्या की मी रिंग सोडते," डॉक्टर म्हणाल्या. "इथं दोनच आहेत. थोडक्यात बचावली, नाहीतर हाड वाकलं असतं."

धुळा पागोट्यात तोंड खुपसून रडले. "लेकराचा पाय मीच मोडाया निघालो व्हतो." कळप त्यांनी भाऊ मल्हारबरोबर धाडला आणि स्वतः पोरीपाशी राहिले.

मग काय, पुन्हा वाट पाहणं! पण माझ्यावरचा भार हळूहळू हलका होऊ लागला. हाड आपला वाटा उचलत होतं, मला कळत होतं. पुढच्या एका एक्स-रेत तिसरी कड पांढरी दिसली. डॉक्टरांनीच माझे नट सैल केले आणि करिष्माला चालायला सांगितलं. धुळांनी डोळे गच्च मिटले.

"दुखतंय का गं?"

"न्हाई, आबा. बघा की!"

त्या पावलाचा गुंजभर भार माझ्यावर आला नाही. इतका आनंद मला कामाला येऊन कधी झाला नव्हता.

आता मी कपाटात धूळ खात पडले आहे. मित्रांनो, आधारानं उभ्या असलेल्याला बरा झाला म्हणू नका. हाडाला त्याचा वेळ द्या. माझ्यासारख्या उतावळीला थांबणं जमलं, तर तुम्हाला का जमू नये?