मी गप्प बसले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. माझ्या अंगावरच्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि पोटात एक राग आहे. तो बराच निवलाय, पण गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

एका सुताराने मला फावल्या वेळात घडवलं. माझी मान घासता घासता तो जेवायचंही विसरायचा. त्याच्याकडून मला वस्तादने नेलं. वस्ताद म्हणजे बाकांच्या कारखान्यातला कारकून. साधी गिटार तो झकास वाजवायचा, म्हणून हौशी वादकांच्या मंडळाने त्याला हे नाव दिलं होतं. माझा मात्र त्याला चार दिवसांत कंटाळा आला. "ही नुसती घुमते," म्हणाला आणि मला मोरीच्या दाराशी उभं केलं. सहा वर्षं माझ्या खुंट्यांवर ओले टॉवेल वाळले. तारा गंजल्या, मान वाकली. जाता-येता त्याला माझी ठेच लागायची आणि वर शिव्या मलाच! मी त्यातली एकही शिवी विसरले नाही.

मग त्याच्या वहिनीने मंडळात यायचं ठरवलं. ती दवाखान्यात रक्त तपासायची. वस्ताद हसत म्हणाला, "वहिनी, ही न्या. चारच तारा आहेत, तेवढ्या जमतील तुम्हाला."

तिने माझी मान सरळ करून घेतली, नव्या तारा चढवल्या. शनिवारी दुपारी मंडळ शिवणवर्गाच्या खोलीत जमायचं. ड्रम वाजवणारे पोस्टमनकाका तिला सांगायचे, "पोरी, घाई नको. माझ्या पायाकडे बघ. माझा पाय पडला की तुझं बोट पडलं पाहिजे." तिच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. एका शनिवारी पाय आणि बोट नेमकं एकत्र पडलं. खिडकीची काच थरथरली. सगळे शिवणयंत्रांवर ठेका धरून हसू लागले. असं सुख मला ठाऊकच नव्हतं.

वस्तादला ते बघवेना. मंडळाच्या जाहीर कार्यक्रमाच्या सकाळी त्याने तिला मागे पडद्यापाशी उभं केलं आणि स्पीकरवरचा माझा आवाज कमी केला.

"लोक मला ऐकायला येतात, वहिनी. तुमचं कुणाला ऐकू येतंय?"

तिने माझा पट्टा खांद्यावर नीट केला. गाणं सुरू झालं. वस्ताद डोळे मिटून एकटाच रंगात आला, आणि ऐन तेव्हाच तिने माझ्या तारांवर पंजा ठेवला. मी गप्प. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. वस्तादची बोटं धावतच होती, पण पायाखालची जमीनच गेली होती. ताल चुकला, सूर घसरला, घाम फुटला. पहिल्या रांगेतून त्याची आई मोठ्याने म्हणाली, "अरे, तुझं काय बिघडलंय?" सभागृह खदखदून हसलं.

मला दया आली का? छे! मला तर उकळ्या फुटत होत्या.

पुढच्या शनिवारी तो तणतणत आला. "माझी गिटार परत द्या!"

"घ्या ना, भाऊजी," वहिनीने मला त्याच्या गळ्यात अडकवलं. "तेवढं तेच गाणं वाजवून दाखवा."

तीनदा प्रयत्न केला त्याने. काकांचा पाय एकीकडे, त्याचं बोट भलतीकडे. जाड तारांनी त्याची कातडी सोलली. माझी त्याला मुळीच मदत नव्हती. शेवटी त्याने मान खाली घातली.

"वहिनी, सुरुवात कुठून करायची?"

"आधी तिला पुसा."

मग सगळ्यांसमोर, फडकं घेऊन, त्याने माझा कानाकोपरा पुसला. मी सावकाश पुसून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणीतरी मुकाट्याने उभं असेल. आज घरी गेलात की त्याच्यावरची धूळ झटका. माफीचं म्हणाल, तर ते त्याचं तोच ठरवील. माझं अजून ठरत नाही.