चौरीजवळचा स्पीकर

दोन हजार अकराच्या अक्षय तृतीयेला आम्ही फुलचूरच्या नव्या घरात राहायला आलो, आणि पंधरा दिवसांत मी सुनेवर पाळत ठेवायला लागले.

घर मुलाच्या, ओमेश्वरच्या, आवडीचं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही, कमरेएवढा ओटा तेवढा. एकीकडे काचेची मोठी खिडकी, दुसरीकडे जिना, तिसरीकडे दार. टीव्ही कसाबसा जिन्याला टेकून बसला. होम थिएटर लावायला आलेला माणूस हॉलभर फिरून म्हणाला, "भैया, पीछे के स्पीकर कहाँ टाँगूँ? पीछे तो दीवारच नहीं है." शेवटी स्पीकरचा एक डबा खिडकीच्या कट्ट्यावर गेला, दुसरा लांब वायर सोडून ओट्याच्या टोकाला, स्टुलावर.

ओट्याच्या पलीकडे, कोपऱ्यात, आमची चौरी. आमच्या पोवारांच्या घरात कुळाचे देव स्वयंपाकघरातच, मातीच्या छोट्या चबुतऱ्यावर बसतात. तिथे दिवा लावल्याशिवाय मी पाणी घेत नाही. लग्न झाल्यापासूनचं हे व्रत. गाण्याचा डबा देवांना खेटायला नको म्हणून मी तांदळाच्या पिठाची रेघ ओढली आणि सुनेला, दुर्गेश्वरीला, हळूच सांगितलं, "याच्या आत काही येऊ देऊ नको बाई."

"हो आई," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली, असं मला वाटलं.

दुपारी मी मंदिरात रामायण ऐकायला जाते. परत आले की रेघ पुसलेली. डबा स्टुलावरच, पण वायरीला पीठ. तीन दिवस हेच. दुपारी घरात कोण? ओमेश्वर दुकानात, आमचे मालक, ओमेश्वरचे वडील, पानठेल्यावर. उरली दुर्गेश्वरी. राहायला आलो त्याच दिवशी ती बोलली होती, "देव वरच्या खोलीत नेले तर तुम्हाले शांत वाटंल आई, अन् टीव्हीलेही भिंत भेटंल." म्हणजे आज रेघ, उद्या चौरी. मी सकाळी पीठ ओढायची आणि दिवसभर तिच्या तळपायांकडे बघायची.

शनिवारी सकाळी मी तिला चौरीसमोर उभं केलं. मालक खुर्चीवर बसून बघत होते.

"हात ठेव अन् सांग, रेघ तू नाही मोडली म्हणून."

"शपथ कायले आई? दुपारी मी वर पोराले झोपवत राह्यतो."

"हात ठेव."

तिनं ठेवला. "मी नाही मोडली." मग डोळे पुसत वर गेली आणि तिरोड्याला भावाला फोन लावला. जिन्यावरून सगळं खाली येत होतं. "उद्या मले घेऊन जा. चोरासारखी शपथ घ्या लागते या घरात. मी परत येत नाही."

तरी माझा विश्वास बसला नाही. देवापुढं खोटं बोलली, हे पापही मी मनात तिच्याच नावावर टाकलं.

रविवारी मी पोथी अर्धी सोडून उठले. आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या दारानं आत आले. हॉल रिकामा, टीव्ही चालू, आवाज बारीक. ओट्यामागे वाकून बघितलं तर आमचे मालक खाली बसलेले. डबा दोन्ही हातांनी कानाशी धरलेला, पाय पिठात. बातम्या ऐकत होते.

"अजी," मी म्हटलं. दोनदा म्हटलं. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"आयकू येत नाही का जी तुम्हाले?"

माझ्या ओठांकडे बघत राहिले. "डाव्या कानानं थोडं येते. ओमूले सांगू नको. गाडीची चाबी काढून घेईल तो. मंग शेतावर कसा जाऊ?"

"पण इथंच काऊन बसता?"

"मंग कोठी बसू? या घरात लपाले दुसरी जागा आहे का?"

मी कानाशी वाकून सांगितलं, "काल सुनेले मी शपथ घातली. तुमच्यासमोर. ती माहेरी चालली."

"मले वाटलं, पाया पडून राहिली," ते म्हणाले.

संध्याकाळी तिचा भाऊ मनिराम आला. बॅग जिन्यापाशी. ओमेश्वर सोफ्यावर मान खाली घालून. सुनेला बाजूला घेऊन सांगावं, यांचं गुपितही राखावं, असं माझ्या मनात होतं. पण त्या हॉलमध्ये बाजू कुठली? मालक खुर्चीवरून माझ्याकडेच बघत होते, 'नको नको' अशी मान हलवत.

मी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "दुर्गेश्वरीची शपथ खरी. रेघ तिच्या सासऱ्यानं मोडली. त्यायले ऐकू येत नाही, म्हणून डबा कानाशी घेऊन बसतात. अन् मी या पोरीवर आळ घेतला."

ओमेश्वर उठला आणि खिळ्यावरची चाबी काढून खिशात टाकली. यांना माझं बोलणं नीट ऐकू गेलं नव्हतं, पण चाबी दिसली. तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले.

दुर्गेश्वरीनं पदर सारखा केला आणि सासऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बाबाजी, शेतावर मी नेतो तुम्हाले. मले गाडी येते."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, चहा घे. आज नाही येत मी. उद्याचं नाही सांगत."