गाडीच्या नाकात बोळा

गाडी माझ्या नावावर आहे. हे पहिलेच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात एवढी एक गोष्ट कोणाले ऐकूच गेली नाई.

मी चंदा. बडनेऱ्याच्या अलीकडं आमची फुलशेती आहे. मोगरा, निशिगंध, गुलाब. फुलं तोडते मी, गुंफते मी अन् माझी सासू पार्बताबाई, अन् बाजारात नेतेही मीच. माझ्या नवऱ्याले, श्यामले, समोरून ट्रक आला की स्टेअरिंगवर घाम फुटते. म्हणून सेकंड हँड गाडी घेतली तवा लायसन मी काढलं, मागच्या सीटा काढून टोपल्यांची जागा मी केली, अन् कागदही माझ्याच नावावर झाले. श्यामले त्याचं कधी वाईट वाटलं नाई. माणूस मनानं लय चांगला. फक्त एक रोग आहे त्याले. त्याच्या फोनमध्ये 'वऱ्हाडी गाडीमालक' नावाचा एक ग्रुप आहे.

त्या ग्रुपचा नियम असा, की ज्याच्या नावावर गाडी तोच मेंबर. श्यामनं खरं सांगून टाकलं, गाडी बायकोच्या नावावर आहे म्हणून. तं ॲडमिन मनोजभाऊ म्हणे, "वैनीची गाडी म्हणजे तुमचीच की." झाला मेंबर. मी म्हटलं, मंग मलेही घ्या. तं उत्तर आलं, एका घरातून एकच. म्हणजे पाहा, गाडी माझी, नियम माझ्यासाठी, अन् ग्रुप श्यामचा.

यंदा उन्हाळ्यात गाडी गरम व्हायले लागली. मी रोज चालवते, मले कळणार नाई तं कोणाले कळणार. रेल्वे फाटकावर उभी राह्यली की गरमीचा काटा वर चढे. फाटक उघडलं, गाडी पळाली, की काटा खाली येई. अन् पहिले गाडी उभी असली की समोरून फॅनचा घर्रकन आवाज येत होता, तो बंद झाला होता. मी श्यामले म्हटलं, "फॅन फिरून नाई राह्यला. मिस्त्रीले दाखवू."

"मिस्त्री कापते आपल्याले," श्याम म्हणे. "ग्रुपवर विचारतो. तिथी लय जाणकार लोक आहेत."

"मंग नीट विचारा. फाटकावर गरम होते, पळताना होत नाई, अन् फॅनचा आवाज येत नाई. एवढं सगळं लिहा."

त्यानं लिहिलं, 'गाडी गरम होते, उपाय सांगा.' बस, एवढंच.

मंग काय बाप्पा, उचलली जीभ अन् लावली टाळूले. एक म्हणे ऑइल बदला. एक म्हणे थर्मोस्टॅट काढून फेका. एक म्हणे मोझरीले गाडी नेऊन नारळ फोडा, माझी तवापासून गरम झाली नाई. एकानं तं चिखलदऱ्याले आपली गाडी धुक्यात उभी असल्याचा फोटो टाकला, त्याचा काय संबंध ते त्यालेच माहीत. एवढ्या लोकायत एकानंही विचारलं नाई, की गाडी कवा गरम होते, उभी असताना की पळताना. मी श्यामच्या खांद्यावरून वाचून राह्यली होती अन् माझं डोकं गाडीच्या आधी तापून राह्यलं होतं.

मंग अकोल्याच्या गोपालभाऊनं फोटो टाकला. गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या मागं, कूलरची खसची, म्हणजे वाळ्याच्या गवताची, ताटी तारेनं बांधलेली. खाली लिहिलं होतं, 'माझा अनुभव. वऱ्हाडाचं ऊन, वऱ्हाडाचा उपाय. ताटी ओली करा, गार वारा इंजिनले लागते. काटा हलत नाई.' त्याच्याखाली अंगठ्यांची नुसती रांग. आमच्याकडं मे महिन्यात माणूस कूलरसमोरून उठत नाई, तं कूलरवर कोणाचाही लवकर विश्वास बसते. श्यामचाही बसला.

मी म्हटलं, "अहो, कूलरले मागून पंखा असते. पंखा वारा ओढते तवा ताटी कामाची. इथी तं पंखाच बंद आहे."

"तुले काय समजते त्यातलं," तो म्हणे. रागानं नाई, प्रेमानंच म्हणे. तेच तं जास्त लागते.

त्याच आठवड्यात मले अकोल्याच्या एका मोठ्या मंगल कार्यालयाचं काम मिळालं होतं. तिथले मॅनेजर ललितभाऊ म्हणे, "ताई, एका लग्नाचं करून दाखवा. वरमाळा अन् स्टेजच्या मोगऱ्याच्या लडी. जमलं तं यंदाचं सगळं काम तुमचंच." बाजारात भाव पडला की मोगरा मी गटारात टाकून आलेली बाई आहे. एका कार्यालयाचं बांधलेलं काम म्हणजे काय, हे माझ्या सासूले मले समजावून सांगावं लागलं नाई. ती त्या दिवसापासून लडी गुंफताना बोलायचीच बंद झाली होती.

लग्नाच्या दिवशी पहाटे टोपल्या भरल्या. वरमाळा ओल्या फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या, मोगऱ्यावर ओलं गोणपाट टाकलं, वरून शिंपडायले पाण्याची कॅन घेतली. गाडी सुरू केली तं समोरून पाणी ठिबकून राह्यलं होतं. खाली उतरून पाह्यलं. श्यामनं आदल्या संध्याकाळी घरच्या कूलरची ताटी काढून गाडीले बांधली होती. ओली करून, मस्त तारेचे पीळ देऊन.

"काढा ते," मी म्हटलं.

"अवं, ग्रुपवर सगळ्यायनं चांगलं म्हटलं. आजच्या दिवशी रिस्क नको म्हणून तं लावली."

सासू दारात उभी होती. निघताना भांडण नको, म्हणून मी गप बसली. आजही मले त्या गप बसण्याचा नाई, त्या ताटीचाच राग येते.

लोणीपर्यंत बरं गेलं. मंग ऊन चढलं, ताटी वाळली, अन् काटा वर सरकायले लागला. पळताना. जो काटा पळताना कधी वर गेला नाई, तो. मूर्तिजापूर मागं टाकलं तवा गाडीत जळल्यासारखा वास आला, अन् बोरगावच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली. मी गाडी बाजूले घेतली, एका कडुलिंबाखाली बंद केली.

श्यामनं काय करावं? फोटो काढला अन् ग्रुपवर टाकला.

धडाधड उत्तरं आली. 'ताटी ओली ठेवा.' 'ताटीवर पाणी मारत राहा.' 'रेडिएटरचं झाकण लगेच उघडा, वाफ जाऊ द्या.' श्याम बॉनेट उघडून झाकणाले हात घालायले गेला. मी त्याचा हात असा ओढला की त्याच्या मनगटावर माझ्या बांगडीचा वण उठला. आत उकळतं पाणी होतं, तोंडावर आलं असतं. झाकण उघडा म्हणणारा तिकडं घरी चहा पिऊन राह्यला असन. ज्याचं जळते त्यालेच कळते.

मंग तो माझी पाण्याची कॅन घेऊन आला, ताटीवर ओतायले.

"ठेवा ती खाली," मी म्हटलं. "ते मोगऱ्याचं पाणी आहे."

"पण चंदा, सगळे म्हणून राह्यले..."

"सगळे कोण? सगळे इथी आहेत का? गाडीच्या नाकात गवताचा बोळा कोंबला अन् वरून तिले म्हणता श्वास घे. काल फक्त फाटकावर गरम होत होती, आता पळतानाही होते. अजून काय पुरावा पाह्यजे तुमाले?"

अन् मी ती ताटी हातानं ओरबाडून काढली. तारेनं बोट कापलं. ताटी रस्त्याच्या कडेले फेकली तं श्याम तिच्याकडं पाहून राह्यला, जसं घरातलं कोणी मी बाहेर काढलं.

आता इंजिन थंड होईपर्यंत थांबणं आलं. कडुलिंबाची सावली विरळ, अन् उभ्या गाडीत भट्टी पेटल्यावानी झळ. टोपल्या खाली काढल्या. मी गोणपाटावर पाणी शिंपडत राह्यली, पण मोगरा लाजरा असते बाप्पा, त्याले अशी झळ सोसत नाई. पाकळ्यांच्या कडा तांबूस व्हायले लागल्या. ललितभाऊचा फोन आला. मी म्हटलं, येऊन राह्यलो. दुसऱ्या वेळी आला तवाही तेच म्हटलं. तिसऱ्यांदा वाजला तवा उचलायची हिंमत झाली नाई.

तेवढ्यात एक पांढरीशुभ्र गाडी येऊन थांबली. मागच्या काचेवर ग्रुपचं स्टिकर. गोपालभाऊ स्वतः. श्यामनं ठिकाण पाठवलं होतं, तं मदतीले धावून आले. आले हे चांगलंच केलं, नाई कोण म्हणते. पण उतरल्या उतरल्या काय म्हणावं माणसानं?

"ताटी वाळू दिली वाटते तुमी."

मी उठली. त्यांच्या गाडीसमोर गेली, वाकून जाळीतून आत पाह्यलं. स्वच्छ. गवताची काडी नाई.

"भाऊ, तुमची ताटी कुठी आहे?"

"माझी? मी नाई लावली."

"फोटो तं तुमीच टाकला होता."

"तो मले नागपूरच्या एका ग्रुपवरून आला होता. चांगला वाटला म्हणून टाकला."

"मंग 'माझा अनुभव' काहून लिहिलं?"

त्यायनं श्यामकडं पाह्यलं, मंग जमिनीकडं. "तसं लिहिलं की लोक वाचतात, वैनी."

माझ्या तोंडात काय काय आलं ते मी इथी लिहीत नाई. माझी सासू हे वाचून घेईन कोणाकडून तरी. मी एवढंच म्हटलं, "तुमचा एसी फुल करा अन् मागची सीट पाडा. टोपल्या उचला. दोघंही." दोन्ही येड्या बह्याडायनं मुकाट्यानं टोपल्या उचलल्या. श्याम आमच्या गाडीजवळ थांबला, मी गोपालभाऊसोबत अकोल्याले गेली. वाटेत ते दोनदा काही बोलायले गेले. मी खिडकीबाहेर पाहत राह्यली.

वरमाळा वाचल्या. डब्यातून काढल्या तवा गुलाबावर पाण्याचे थेंब होते, अन् नवरीची मावशी म्हणे, किती ताज्या आहेत. पण लडी सोडल्या तं मोगरा काळा पडलेला. सासूनं बोटं दुखेपर्यंत गुंफलेला. स्टेजवर तोपर्यंत कार्यालयाच्या गोदामातल्या प्लॅस्टिकच्या माळा चढल्या होत्या. ललितभाऊ चांगला माणूस, ओरडला नाई. माझ्या कापलेल्या बोटाकडं पाह्यलं अन् म्हणे, "ताई, पुढच्या वेळी पाहू." हे 'पाहू' काय असते ते आमच्याकडं लहान लेकराले कळते.

गाडी टोचन करून मिस्त्रीकडं नेली. फॅनची वायर उंदरानं कुरतडलेली होती. त्यानं बसल्या जागी जोडून दिली. फॅन घर्रकन फिरला. मी तिथीच दुकानाच्या पायरीवर बसली अन् मले रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते, संतापाचं होतं.

श्याम बाजूले येऊन बसला. त्यानं फोन माझ्यासमोर धरला अन् म्हणे, "तू बोल."

मी माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं. "मी चंदा. ज्या गाडीचा तुमी फोटो पाह्यला ती माझी आहे, माझ्या नावावर, अन् मीच चालवते. तिचा फॅन बंद होता. हे मले माहीत होतं, कारण मी तिच्यात बसते. तुमी एवढ्या जणायनं उपाय सांगितले, तुमच्यातून कोणी विचारलं का, की काय होते म्हणून? ताटीले अंगठे देणाऱ्यायपैकी कोणी ताटी लावून पाह्यली असन तं त्यानं हात वर करावा. माझा मोगरा गेला, काम गेलं. आता कोणी मले हात जोडलेलं चित्र पाठवू नका."

पाठवून दिलं. ज्या ग्रुपवर कोणी शिंकलं तरी उत्तर येते, तिथी काहीच आलं नाई. संध्याकाळी मनोजभाऊनं माझा नंबर ग्रुपमध्ये घेतला. गोपालभाऊनं आपला ताटीचा फोटो ग्रुपवरून काढून टाकला, अंगठे मात्र कोणी परत घेतले नाई.

घरी आली तं सासू काळ्या पडलेल्या लडी पाहून म्हणे, "राहू दे, मातीत जाऊ दे." तिनं त्या स्वतः नेऊन झाडांच्या बुडाशी टाकल्या. मी माझी चूल पेटवली तवा फोन वाजला. ग्रुपवर दर्यापूरच्या कोण्या रोहितच्या नंबरवरून मेसेज आला होता.

'ताई, मी आकांक्षा, ह्यांच्या फोनवरून लिहून राह्यली. गाडी मी चालवते, पण इथी ह्यांचं नाव आहे. आमचीही गरम होते. सगळ्यायनं ऑइल बदलायले सांगितलं, बदललं, तरी होते. काय करू?'

मी पिठाचे हात पदराले पुसले. उत्तर मले माहीत होतं असं मले वाटत होतं, पण ते मी लिहिलं नाई.

'उभी असताना होते की पळताना?' मी विचारलं. 'अन् तुले काय वाटते?'

मंग आलं, 'मले हे पहिल्यांदाच कोणी विचारलं.' अन् त्याच्याखाली ती लिहीतच राह्यली.