धक्का बंद

दयाराम मेश्राम यांच्या छातीत दोन पाहुणे मुक्कामाला होते आणि त्यांचं आपसात काही पटत नव्हतं. एक पंप. थकलेल्या हृदयाच्या वाटचं रक्त तोच अखंड ढकलायचा, म्हणून मनगटाला नाडी लागत नसे. त्याच्या बॅटऱ्या खांद्यावरच्या पिशवीत. दुसरं, त्याआधीपासूनचं, डाव्या खांद्याखाली बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र. हृदयाची लय बिघडली की ते विजेचा धक्का देई. एरवी अशा वेळी माणूस बेशुद्ध पडतो, धक्का त्याला कळतही नाही. दयाराम मात्र पंपाच्या कृपेने टक्क जागे असायचे.

थंडीतल्या एका दुपारी चार वर्षांची नात पूर्णिमा मांडीवर होती. धक्का आला, त्यांचा हात उडाला आणि पोर फरशीवर आपटली. "आबा ने मारा!" गल्लीत शिकलेल्या हिंदीत तिनं घरभर सांगितलं. तेव्हापासून ती दाराआडूनच बघायची. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, पण त्या दोन डोळ्यांपुढे पार खचला.

समता कॉलनीतल्या दवाखान्यात डॉक्टर यामिनी म्हणाल्या, "धक्का बंद करता येईल. पंपामुळे थोडा वेळ मिळतो. पण छातीत फडफड सुरू झाली की लगेच फोन करून यायचं. घरी बसून राहिलात तर जिवावर बेतेल."

"काहून बंद करता? राखणदार आहे तो," बायको कमला कळवळली.

"राखणदारच पोट्टीले भेव दावून राहिला ना," दयाराम म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

मग रोज दुपारी भनपुरीच्या घराच्या अंगणात ते चटई टाकून बसू लागले. पूर्णिमा रोज वीतभर पुढे सरकायची. नवव्या दुपारी तिनं त्यांच्या छातीला कान लावला. "आबा, अंदर भौंरा बोल रहा है," म्हणाली आणि तशीच मांडीवर झोपून गेली.

तेवढ्यात छातीत फडफड सुरू झाली. हात हलके झाले. रस्त्यावरचे ट्रक पाण्याखालून चालल्यासारखे वाटू लागले, समोरचं जांभळाचं झाड हळूच लांब गेलं. जुन्या सवयीने दयारामांनी डोळे मिटले, दात आवळले. धक्का आला नाही. आत पंपाचा भुंगा गुणगुणत होता आणि पोर त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरून शांत श्वास घेत होती. त्यांना इतकं सुख झालं की रडूच आलं. असंच बसून राहावं, कुणाला काही सांगूच नये, असं क्षणभर मनात आलं.

"कमला," त्यांनी हलकेच हाक मारली, "डॉक्टरीणले फोन लाव."

कमला धावत आली. फोन लागला, दवाखान्यातून गाडी निघाली. ती पूर्णिमेला उचलायला वाकली.

"राहू दे," दयाराम म्हणाले. "गाडी येतवरी झोपू दे तिले. आज मारलं नाही मी."